पाटीवर माझ्या आईचं नाव नव्हतं

काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तूंनी गप्प राहायचं असतं, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. मित्रांनो, मी आहे एक जुनी घोंगडी. शंभरी मी केव्हाच ओलांडली. माझ्या अंगावर पांढरे आणि तपकिरी पट्टे आहेत, मध्ये तीन निळे, आणि एका कोपऱ्याला जळल्याचा डाग. अमेरिकेतल्या अरिझोना राज्यात, चँडलरपासून गाडीनं तासाभरावर एक लहान गाव आहे. त्या गावाच्या म्युझियममध्ये मी राहते. जरा जवळ या. मला जे सांगायचं आहे ते लांबून ऐकू येणार नाही.

जिनं मला विणलं तिला मी आई म्हणते. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी सुरूच होत नाही.

आई दिने लोकांतली. बाहेरचे लोक त्यांना नवाहो म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर होतं, आणि आठ वर्षांची असताना ती मोठ्या बहिणीबरोबर मेंढरं राखत होती. घोडेस्वार आले. बहीण खडकांत लपली. आईला ते जमलं नाही. तिला घोड्यावर टाकून पूर्वेला नेलं आणि रिओ ग्रांदे नदीच्या काठच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या एका खेड्यात विकलं. घेणाऱ्याचं नाव डॉन फेलिपे व्हालेन्सिया.

तुम्ही शाळेत अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल वाचलं असेल. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांची ती हकीकत खरी आहे. ती कधी विसरू नका. पण ज्यांची ही जमीन होती त्यांनाही इथंच पकडून, इथंच विकत होते. मुलं आणि बाया जास्त, कारण त्यांना धाकात ठेवणं सोपं. ही गोष्ट तुमच्या पुस्तकात बहुधा नसेल. नसली तर बाईंना विचारा, की का नाही.

खेड्यातल्या चर्चमध्ये आईच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि तिला एक नवं नाव दिलं. पहिलं नाव काय, हे कुणी विचारलं नाही. ते मलाही ठाऊक नाही. दिने लोक एकमेकांना नावानं फारशी हाक मारत नाहीत, नात्यानं मारतात. व्हालेन्सियांच्या अंगणात आणखी एक दिने बाई होती, वयानं मोठी, तीही विकत आणलेली. ती आईला 'शियाझी' म्हणे. म्हणजे माझं पिल्लू. एवढंच मी ऐकलं आहे.

त्या मोठ्या बाईनं अंगणात उभा माग रोवला आणि आईला विणायला शिकवलं. आई पंधरा-सोळा वर्षांची झाली तेव्हा तिनं मला विणायला घेतलं. पट्टे कुठं आणि किती, ते मालकीणबाई येऊन सांगत. कसं विणायचं, ते मात्र आई ठरवी. ती जमिनीवर बसे. रुंद घोंगडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसल्या जागेवरून हात पोचत नाही. म्हणून ती हाताच्या टप्प्यातला भाग उतरता विणत जाई, मग बाजूला सरके आणि तिथून पुढचा भाग विणे. दोन भाग जिथं भेटतात तिथं एक बारीक तिरकी रेघ उठते. अशा रेघा माझ्या अंगभर आहेत. स्पॅनिश घरांतले पुरुष पायानं चालवायच्या मागावर विणत. त्या कापडाची टोकं कापतात आणि झालर सुटते. माझा उभा धागा एकसलग आहे, वरच्या दांडीवरून खालच्या दांडीवर आणि पुन्हा वर, कुठंही न कापलेला. माझ्या चारही कडा पूर्ण आहेत. पट्टे मालकिणीचे, पण बैठक, हात आणि कडा दिने. मालकिणीला यातलं काही दिसलं नाही. आईला ते माहीत होतं, आणि मला.

तेव्हा कायद्यानं गुलामगिरी संपलेली होती. आमच्या अंगणात तो कायदा कुणी वाचून दाखवला नाही.

पुढं मी खूप काम केलं, मित्रांनो. मालकाच्या बिछान्यावर होते. घोड्याच्या पाठीवर होते. बाळंतघरात होते. पाहुणे मला हात लावून म्हणत, "काय घट्ट वीण आहे! पाणी ओतलं तरी खाली जायचं नाही." व्हालेन्सिया कुटुंब मेंढरं घेऊन पश्चिमेला अरिझोनात आलं तेव्हा मी गाडीत होते, आणि वाटेत शेकोटीच्या ठिणगीनं माझा कोपरा जळला. आई त्या गाडीत नव्हती. तिचं काय झालं, मला माहीत नाही. निघायच्या वेळी मी पेटीत घडी होऊन पडले होते. मी कितीही आठवलं तरी तिथं काही सापडत नाही, आणि काहीतरी रचून सांगणं मला शोभणार नाही.

मग माझे दिवस फिरले. मिलच्या गुबगुबीत रजया आल्या. मी माळ्यावर गेले, तिथून गॅरेजमध्ये. थंडीत ट्रकचं इंजिन गार पडू नये म्हणून मला त्याच्यावर टाकत. एक म्हातारा कुत्रा माझ्यावर झोपायचा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं मला कधी खोटं नाव दिलं नाही.

नाव दिलं म्युझियमनं. व्हालेन्सियांच्या नातीनं मला तिथं आणून दिलं आणि सांगितलं, "आमच्या घरात हिला पहिल्यापासून 'दोलोरेसची घोंगडी' म्हणतात." घराण्याच्या मूळ मालकीणबाईंचं नाव दोन्या दोलोरेस; दोन्या म्हणजे बाईसाहेब. मग काय, पाटी तयार झाली: 'दोन्या दोलोरेस व्हालेन्सिया यांनी स्वतःच्या हातांनी विणलेली घोंगडी.'

ज्या बाईनं आयुष्यात माग धरला नाही, तिचे हात! मी त्या पेटीत रागानं जळत होते. पण काचेला ते कसं कळणार?

ही स्थिती कित्येक वर्षं होती. मग १९८६ साल उजाडलं, आणि आमच्याकडे सुचित्राकाकू येऊ लागल्या.

सुचित्राकाकू नागपूरच्या. तिथं त्यांनी इतिहासात एम.ए. केलं होतं. नवरा श्रीरंग चँडलरला इंजिनिअर, मुलगी दीपा पाचवीत. काकूंच्या एम.ए.ला इथं कुणी विचारत नव्हतं, म्हणून त्या आठवड्यातून दोन दिवस म्युझियममध्ये बिनपगारी काम करत. जुनी कापडं झटकणं, उसवलेलं शिवणं, पाहुण्यांना दालनं दाखवणं. श्रीरंगकाका चिडवायचे, "घरी धूळ पुसायला सांगितली की पाठ दुखते, आणि तिथं तासभर ड्राइव्ह करून फुकट पुसतेस!"

"तिथली धूळ ऐतिहासिक आहे," काकू म्हणायच्या. "इथली तुमची आहे."

म्युझियमच्या प्रमुख होत्या मिसेस व्हिटकम. उंच, नीटनेटक्या, गावावर मनापासून प्रेम करणाऱ्या. गावाला शंभर वर्षं होणार होती. त्यासाठी 'आमच्या आज्यांचे हात' असं प्रदर्शन भरायचं होतं, आणि त्यात मुख्य जागा माझी. माझ्यासाठी पितळेची पाटी ओतायची ठरली होती. कागदाची पाटी बदलता येते, मित्रांनो. पितळेची बदलायला कुणी धजत नाही. एकदा ती भिंतीत बसली की आईचे हात कायमचे दुसरीचे झाले असते.

त्या वसंतात एका शनिवारी अर्लीन नेझ आल्या.

पन्नाशीतल्या, केस मागं घट्ट बांधलेले. नवाहो रिझर्वेशनवरच्या, म्हणजे त्या लोकांच्या राखीव मुलखातल्या, शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि घरी विणत. त्या माझ्यासमोर आल्या, पाटी वाचली, वाकून माझी खालची कड पाहिली, आणि सरळ फरशीवर बसल्या.

काकू धावल्या. "बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"मी ठीक आहे. ही जिनं विणली ती इतक्याच उंचीवर बसली होती. तिच्या जागेवरून बघते आहे."

दीपा तिथंच गृहपाठ करत होती. ती म्हणाली, "पण पाटीवर लिहिलंय ना, हू मेड इट."

"वाचलं. पाटी खोटं बोलते आहे."

"रिअली?" दीपानं पेन्सिल टाकली. तिला तो शनिवार एकदम आवडू लागला.

अर्लीननी तिला शेजारी बसवून माझ्या तिरक्या रेघा दाखवल्या. न कापलेल्या कडा दाखवल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पणजीची धाकटी बहीण मेंढरं राखताना पळवली गेली. पणजी खडकांत लपून बघत होती. आमच्या घरात मुलीला मागावर पहिल्यांदा बसवतात तेव्हा ही गोष्ट सांगतात. सुट्टी मिळाली की मी अशा घोंगड्या बघत फिरते. ही तिचीच, असं मी म्हणत नाही. पण ही आमच्यातल्या कुणाची तरी आहे."

मिसेस व्हिटकम यांनी ते सगळं शांतपणे ऐकलं. "तुमच्या भावना मी समजते," त्या म्हणाल्या. "पण म्युझियम भावनांवर चालत नाही. व्हालेन्सिया कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या ही दोलोरेसची घोंगडी आहे. तुमच्याकडे काही कागद आहे का?"

"कागद कोण लिहीत होतं?" अर्लीननी विचारलं. "विकत घेणारे."

"तरी कागद लागेल. प्रदर्शनाच्या आधी आणलात तर बघू."

अर्लीन पर्स उचलून निघाल्या. तेव्हा काकूंनी दारात त्यांना गाठलं. "त्यांना कागद हवा ना? मग विकत घेणाऱ्यांच्याच कागदात शोधू. मेसा गावात वंशावळी शोधणाऱ्यांची लायब्ररी आहे. जुन्या चर्चांच्या नोंदवह्यांच्या फिल्म तिथं मागवता येतात."

पुढचं सगळं मला दीपानं सांगितलं. मी तिथं नव्हते. पण दर शनिवारनंतर ती यायची, काचेला नाक लावायची आणि मला बातम्या द्यायची. एवढी वर्षं माणसं माझ्याबद्दल बोलली होती. माझ्याशी बोलणारी ती पहिलीच.

अर्लीन एवढ्या लांबून बसनं यायच्या. काकू आणि दीपा त्यांना घेऊन मेसाला जायच्या. "अर्लीन मावशी म्हण," काकूंनी दीपाला बजावलं होतं. अर्लीनना ते ऐकून बरं वाटलं. "आमच्यातही असंच," त्या म्हणाल्या. "नातं नसलं तर ते आधी ठरवायचं, मग बोलायचं."

तिथं एक यंत्र होतं. त्याच्या काचेखालून फिल्म सरकायची आणि पडद्यावर जुनी पानं मोठी होऊन दिसायची. अक्षरं स्पॅनिश, शाई फुटलेली, पाद्रीबाबांचं वळण कोंबडीच्या पायांचं. कोशातून नेहमीचे शब्द शोधून त्यांनी ते वाचायला घेतलं. दिसेल त्या नोंदीत त्या शोधत होत्या एक दिने नाव. स्पॅनिश वाटणार नाही असं, वेगळं, उठून दिसणारं.

एकही सापडलं नाही. पकडून आणलेल्या मुलींच्या नोंदी पानामागून पानं होत्या. 'नवाहो जातीची', 'अपाचे जातीची', 'आईबाप अज्ञात'. पण नावं सगळी एकसारखी.

"मारिया, मारिया, मारिया," दीपा कंटाळून म्हणाली. "दे आर ऑल मारिया!"

प्रदर्शन जवळ आलं होतं. पितळेची पाटी ओतायला जायची होती. एका दुपारी तिघी लायब्ररीबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं टाकून पोळी-भाजी खात होत्या. अर्लीननी काकूंचं मिरचीचं लोणचं पोळीबरोबर सहज खाल्लं आणि आणखी मागितलं. दीपा बघतच राहिली. तेवढ्यात अर्लीन म्हणाल्या, "जिचं नावच पुसून टाकलंय तिला नावावरून कसं शोधायचं, मला कळत नाही."

"आईला पण तसं कुणी शोधू शकणार नाही," दीपा म्हणाली. "आई, सांग ना, त्या फोनचं!"

"गप्प बस."

"मी सांगते. एकदा इंडियातून फोन आला. एक माणूस म्हणाला, शोभा आहे का? मी म्हटलं, नो शोभा हिअर, राँग नंबर. आणि ठेवला! परत आला, परत ठेवला! ते प्रतापमामा होते!"

अर्लीन मोठ्यानं हसल्या. "शोभा कोण?"

"मी," काकू म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरेना. "आमच्यात लग्न झालं की मुलीचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीनं नवं नाव लिहितो. माझं शोभा सासरी चालेना, कारण नणंदेचं नाव शोभा. मग सुचित्रा झालं."

"तुला विचारलं होतं?"

"विचारलं होतं. म्हणजे, विचारल्यासारखं केलं होतं. मी हसून मान हलवली. पेढे वाटले."

"नवं नाव ठरवलं कुणी?"

"सासूबाईंनी. ज्यांच्या घरात गेले त्यांनी..."

काकूंचा घास हातातच राहिला.

"अर्लीन, आपण चुकतोय. आपण मुलीचं नाव शोधतोय. पण त्या पानावर तिचं नाव नाहीच. तिथं घराचं नाव आहे. कुणी दिलं ते बघायला हवं."

अर्लीन सावकाश म्हणाल्या, "माझं अर्लीन हे नाव बोर्डिंग शाळेतल्या बाईंनी ठेवलं. त्यांचं स्वतःचं. मी सहा वर्षांची होते." मग त्या उठल्याच. "बाप्तिस्म्याला मुलीजवळ एक बाई उभी करतात, धर्ममाता. बऱ्याचदा तिचंच नाव देतात."

डबे तसेच टाकून तिघी आत पळाल्या. आता त्यांनी नोंदीची सुरुवात वाचलीच नाही. फक्त शेवट वाचला, जिथं धर्ममातेचं नाव असतं. आणि १८६१ सालच्या पानावर ते सापडलं. धर्ममाता, दोन्या दोलोरेस व्हालेन्सिया. मग त्यांनी वर पाहिलं.

'मारिया दोलोरेस. नवाहो जातीची. वय सुमारे आठ. डॉन फेलिपे व्हालेन्सिया यांनी पैसे देऊन सोडवलेली.'

एका घरात दोन दोलोरेस. एक नाव देणारी, दुसरी नाव लादलेली. व्हालेन्सियांची नात खोटं बोलली नव्हती. मला घरात 'दोलोरेसची घोंगडी' म्हणत हे खरंच होतं. फक्त कोणती दोलोरेस, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नोकर माणसाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, पण मालकिणीचं सगळ्यांच्या राहतं.

दीपानं पडद्यावर बोट ठेवलं. "'सोडवलेली' म्हणजे? रेस्क्यू? मग त्यांनी तिला घरी का नाही सोडलं?"

मित्रांनो, मीही त्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षं शोधते आहे. त्याला उत्तर नाही. तो प्रश्नच उत्तर आहे.

नोंदीची प्रत घेऊन तिघी मिसेस व्हिटकम यांच्यासमोर उभ्या राहिल्या, माझ्या पेटीजवळच. त्यांनी कागद दोनदा वाचला. त्या घाईत नव्हत्या आणि अप्रामाणिकही नव्हत्या. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तयार प्रदर्शन होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "अशी एक मुलगी होती. पण त्या घरांनी या मुलांना वाढवलं, हेही विसरू नका. घरातल्यासारखं."

"मेंढरंही वाढवतात," अर्लीन म्हणाल्या.

मिसेस व्हिटकम यांचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, "मी मार्ग सुचवते. आपण 'दोन्या' काढून टाकू, आडनावही काढू. नुसतं 'दोलोरेस यांनी विणलेली.' दोघींचंही नाव तेच. कुणी दुखावणार नाही."

मला धडकीच भरली. कारण हे ऐकायला किती गोड होतं! अर्लीननी कित्येक सुट्ट्या घालवल्या होत्या. हो म्हटलं असतं तर त्यांना काहीतरी मिळालं असतं.

अर्लीन म्हणाल्या, "नाही. दोलोरेस हे विकत घेणारीचं नाव आहे. वासराच्या पाठीवर डाग देतात तसं ते तिच्यावर डागलं होतं. तुम्ही तो डाग पितळेत ओतून म्हणता, ही घ्या तुमची मुलगी?"

"मग तिचं खरं नाव सांगा, ते लिहू."

"ते आमच्याकडे नाही. आमच्यात गेलेल्याचं नाव उठसूट घेत नाहीत, म्हणून आमच्या घरातून पळवलेलीचंही नाव आजीनं सांगितलं नाही. पण आमच्यात कूळ आईकडून येतं. लग्नानं जात नाही, बाप्तिस्म्यानं जात नाही, बाजारात विकता येत नाही. नावाच्या जागी काही नाही म्हणून दुसऱ्याचं नाव बसवू नका. रिकामं ठेवा, आणि रिकामं का आहे ते लिहा."

"रिकामी पाटी कुणी लावतं का?" मिसेस व्हिटकम काकूंकडे वळल्या. "सुचित्रा, तुम्ही हिला टांगायची पट्टी शिवायला घ्या. पाटीचं समिती ठरवेल."

काकूंच्या हातात सुई होती. त्या मितभाषी, मोठ्यांपुढं न बोलणाऱ्या. त्यांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि ते पेटीवर ठेवलं.

"पाटीचं ठरेपर्यंत मी शिवणार नाही."

"सुचित्रा! तुम्ही बाहेरून आलेल्या. तुम्हाला इथल्या इतिहासाची गुंतागुंत कळत नाही."

"बरोबर आहे, मी बाहेरची," काकू म्हणाल्या. "पण मिसेस व्हिटकम, बाहेरून आली नाही अशी या खोलीत एकच बाई उभी आहे. आणि आपण तिलाच कागद मागतो आहोत."

"गो, आई!" दीपा पुटपुटली. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. समितीनं पितळेची पाटी लांबणीवर टाकली. प्रदर्शन उघडलं तेव्हा मी भिंतीवर नव्हतेच. जुन्याच पेटीत, जुन्याच कागदी पाटीसह, कोपऱ्यात होते. हरल्यासारखं वाटत होतं.

पण पहिल्याच शनिवारी अर्लीन आल्या. त्यांनी तिकीट काढलं, माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागल्या. पाटी वाचलीत? आता ही रेघ बघा. ही कड बघा. आणि हा कागद वाचा. त्या ओरडत नव्हत्या. वर्गात शिकवतात तसं शिकवत होत्या. दुसऱ्या शनिवारी काकूही उभ्या राहिल्या, दीपा तिरक्या रेघा दाखवायची. "तुम्ही खाली बसा," ती मोठमोठ्या माणसांना सांगायची. "बसल्याशिवाय दिसत नाही." आणि टोप्या घातलेले, बूट घातलेले शेतकरी फरशीवर बसायचे.

उन्हाळा संपेपर्यंत हे चाललं. एकदा व्हालेन्सियांची नात आली, तीच, मला इथं आणणारी. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आमच्या दफनभूमीत कुंपणाबाहेर काही थडगी आहेत. दगड नाहीत. ती कुणाची, असं लहानपणी विचारलं की गप्प करायचे." तिनं अर्लीनना तिथला पत्ता दिला.

शेवटी मिसेस व्हिटकम स्वतः आल्या. "लोक पाटी वाचतात आणि मग मला विचारतात, 'ती खरं सांगणारी बाई शनिवारी किती वाजता येते?'" त्या त्रासून म्हणाल्या. "दर वेळी काय उत्तर देऊ? तुम्हीच लिहून द्या."

अर्लीननी लिहून दिलं. काकूंनी पट्टी शिवली, माझा एकही धागा न टोचता, दोन धाग्यांच्या मधून. आज मी भिंतीवर आहे आणि माझ्याखाली ही पाटी आहे. पितळेची नाही. अर्लीन म्हणाल्या, कागदाचीच असू दे, उद्या आणखी काही सापडलं तर भर घालता येईल.

'ही घोंगडी एका दिने मुलीनं विणली. आठव्या वर्षी तिला पळवून विकण्यात आलं. विकत घेणाऱ्या घरानं तिला स्वतःचं नाव दिलं. ते इथं लिहिलेलं नाही, कारण ते तिचं नव्हतं. तिचं स्वतःचं नाव कुणी विचारलं नाही. तिचं कूळ तिच्या आईकडून आलं होतं. ते कुणालाही विकत घेता आलं नाही.'

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. तेव्हा मीही मागते. मला उन्हापासून जपा. ओल लागू देऊ नका. कसर लागली तर झटका. पण एक लक्षात ठेवा. कसर फक्त लोकर खाते. खोटी पाटी अख्खं माणूस खाते. तुम्ही कुठल्याही म्युझियममध्ये जाल, सुंदर वस्तू बघाल, खाली छान अक्षरात कुणाचं तरी नाव वाचाल. तेव्हा फरशीवर बसा आणि मोठ्यानं विचारा, हे हात कुणाचे? लोक वळून बघतील. बघू द्या. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

आणि मला जपून ठेवायचं, पण आईला पुसून टाकायचं, असा कुणाचा बेत असेल, तर त्यांना माझा निरोप सांगा. त्यापेक्षा मला कसरीला द्या.